कीटकांतील शर्करापाचक विकरांचे संप्रेरक-नियंत्रण : एका प्रश्नाचा इतिहास

१

संप्रेरकाची कल्पना शरीरक्रियाविज्ञानात जन्माला आली ती पचनाच्याच संशोधनातून. १६ जानेवारी १९०२ रोजी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस आणि स्टार्लिंग यांनी बेशुद्ध केलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक भाग निवडून त्याचे सर्व मज्जातंतू तोडले आणि त्या भागात सौम्य अम्ल सोडले. पाव्हलॉव्हच्या उपपत्तीप्रमाणे स्वादुपिंडाचा स्राव मज्जातंतूंच्या द्वाराच सुरू व्हावयास हवा होता. परंतु तंतू तुटलेले असूनही स्राव वाहू लागला. आतड्याच्या अस्तराचा अर्क काढून तो शिरेत टोचला, तेव्हाही तेच घडले. रक्तातून वाहून जाणाऱ्या या द्रव्याला त्यांनी ‘सीक्रेटिन’ हे नाव दिले. आणि १९०५ साली स्टार्लिंगने अशा सर्व रासायनिक दूतांसाठी ‘हॉर्मोन’ ही संज्ञा प्रचारात आणली.

कीटकांच्या बाबतीत मात्र इतिहासाचा क्रम उलटा आहे. पोलंडमधील स्तेफान कोपेच याने १९१७ व १९२२ साली आपले जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत जिप्सी पतंगाच्या अळ्यांचा मेंदू काढून टाकला होता. ठराविक काळापूर्वी मेंदू काढला तर अळीचा कोश होत नाही, त्यानंतर काढला तर होतो, असे त्याला आढळले. पुढे १९३० नंतरच्या दशकात विगल्सवर्थने रक्त शोषणाऱ्या ऱ्होडनिअस या ढेकणावर प्रयोग करून कात टाकण्याच्या क्रियेचे नियंत्रण डोक्यातून होते हे सिद्ध केले. आणि १९५४ साली बुटेनान्ट व कार्लसन यांनी सुमारे ५०० किलोग्रॅम रेशीमकोशांतून २५ मिलिग्रॅम एक्डायसोनाचे स्फटिक वेगळे केले. या सर्व संशोधनाचा विषय वाढ, रूपांतर आणि अंडजनन हा होता. परिणामी, कीटकांचे संप्रेरक म्हटले की अभ्यासकाची दृष्टी डोक्याकडे वळे. आतड्याकडे वळत नसे. ज्या अवयवाने इतर प्राण्यांत संप्रेरकविज्ञानाचा पाया घातला, तोच अवयव कीटकांत दीर्घकाळ उपेक्षित राहिला.

प्रस्तुत लेखात या उपेक्षित शाखेतील एका लहानशा प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे. कीटकाच्या आतड्यातील शर्करापाचक विकरांचे प्रमाण कोण ठरवते, खाल्लेले अन्न की संप्रेरक? हा प्रश्न दोन पक्षांतील वाद म्हणून मांडण्याची प्रथा आहे आणि त्या वादात कोण जिंकले हे सांगून विषय संपविला जातो. आमच्या मते हे चित्र यथार्थ नाही. वाद लांबला तो पुराव्याच्या अभावामुळे नव्हे. जो पुरावा मिळत होता, तो दोन्ही पक्षांना सारखाच अनुकूल होता म्हणून. प्रयोगाची मांडणी बदलली तेव्हाच उत्तर मिळू लागले, आणि त्या उत्तराने मूळ प्रश्नाचे स्वरूपच बदलून टाकले. संशोधनाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला या इतिहासातून घेण्यासारखे आहे ते हेच.

२

प्रथम थोडा परिचय आवश्यक आहे. कीटकाच्या अन्नमार्गाचे अग्रांत्र, मध्यांत्र आणि पश्चांत्र असे तीन भाग पडतात. अग्रांत्रातील अन्नपुटात खाल्लेले अन्न साठते आणि तेथून थोडे थोडे मध्यांत्रात उतरते. विकरांची निर्मिती मुख्यत्वेकरून मध्यांत्राच्या अस्तरातील पेशींत होते. पिष्टाचे विघटन अमिलेज हे विकर करते. त्यातून निर्माण होणाऱ्या माल्टोजाचे द्राक्षशर्करेत रूपांतर आल्फा-ग्लुकोसिडेज करते. इक्षुशर्करा, म्हणजे आपली उसाची साखर, हिचे विघटन करून द्राक्षशर्करा व फलशर्करा देणाऱ्या विकरास इन्व्हर्टेज म्हणण्याचा प्रघात आहे.

येथे एका शब्दाविषयी सावध असावे. यीस्टमधील इन्व्हर्टेज इक्षुशर्करेचा रेणू फलशर्करेच्या बाजूने तोडते. कीटकांतील बहुतेक ‘इन्व्हर्टेज’ मात्र तो द्राक्षशर्करेच्या बाजूने तोडणारी आल्फा-ग्लुकोसिडेजच असतात. जुन्या निबंधांत इन्व्हर्टेज व माल्टेज यांची दोन स्वतंत्र मापने दिलेली आढळली, तरी त्यांमागे विकर एकच असण्याचा संभव असतो. याला अपवादही आहे. २००८ साली रेशीमकिड्यामध्ये फलशर्करेच्या बाजूने तोडणारे खरेखुरे इन्व्हर्टेज व त्याचे जनुक आढळले. तुतीच्या चिकात शर्करेसारखे भासणारे अल्कलॉइड असतात आणि ते आल्फा-ग्लुकोसिडेजाला निष्प्रभ करतात. या दुसऱ्या विकरावर त्यांचा प्रभाव पडत नाही. म्हणून तुतीची पाने खाणाऱ्या अळीला त्याची योजना उपकारक ठरते.

आता विकरांच्या स्रावाचे नियंत्रण कसे होत असावे याविषयी तीन उपपत्ती संभवतात. पहिली मज्जातंतूंची. कीटकांच्या आतड्याच्या स्नायूंना मज्जातंतूंचा पुरवठा असतो, परंतु अस्तरातील स्रावी पेशींना तो असल्याचे सामान्यतः आढळत नाही. त्यामुळे ही उपपत्ती लवकरच मागे पडली. दुसरी प्रत्यक्ष स्पर्शाची : मध्यांत्रात उतरलेले अन्न स्वतःच पेशींना उद्दीपित करते. तिसरी संप्रेरकाची : अन्न घेतल्यावर कोठेतरी एखादे द्रव्य रक्तात सोडले जाते आणि ते मध्यांत्रापर्यंत पोहोचून विकरांची निर्मिती अथवा स्राव वाढविते.

शेवटच्या दोन उपपत्तींचा निवाडा करणे वरवर सोपे दिसते. परंतु त्यात मापनाचीच एक अडचण आहे. कीटकाचे आतडे काढून, वाटून, त्यातील विकराची क्रियाशीलता मोजली म्हणजे जो आकडा हाती येतो तो चार गोष्टींची गोळाबेरीज असतो : पेशींनी किती विकर तयार केले, त्यातील किती पोकळीत सोडले, किती नष्ट झाले आणि किती अन्नाबरोबर पुढे वाहून गेले. विहिरीतील पाण्याची पातळी पाहून झरा किती जोरात वाहतो हे सांगता येत नाही. उपसा किती झाला हेही ठाऊक असावे लागते. पुढील तीस-चाळीस वर्षांतील मतभेदांचे मूळ बऱ्याच अंशी या साध्या गोष्टीत आहे.

३

या विषयातील पायाभूत प्रयोग डेन्मार्कमध्ये झाले. एलेन थॉमसेन या विदुषी कॅलिफोरा एरिथ्रोसेफाला या निळ्या मांसमाशीवर अत्यंत नाजूक शस्त्रक्रिया करण्यात निष्णात होत्या. माशीच्या मेंदूच्या मध्यभागी तंत्रिकास्रावी पेशींचा एक पुंजका असतो. या पेशी रचनेने मज्जापेशी असून कार्याने ग्रंथिपेशी होत. त्यांचा स्राव त्यांच्याच तंतूंतून कॉर्पोरा कार्डियाका या अवयवात उतरतो व तेथून रक्तात मिसळतो. हा पुंजका काढून टाकल्यास माशीची अंडी परिपक्व होत नाहीत, असे थॉमसेन यांनी १९५२ साली दाखवून दिले होते.

अंडी तयार होण्यास प्रथिने लागतात, आणि प्रथिने मिळावयाची तर मांसाचे पचन व्हावयास हवे. तेव्हा या पेशींचा संबंध प्रथम पचनाशीच नसेल कशावरून? या विचाराने थॉमसेन व इब म्यॉलर यांनी आतड्यातील प्रोटिएजचे मापन केले. त्यांची पहिली टिपणी १९५९ साली आणि सविस्तर निबंध १९६३ साली प्रसिद्ध झाला. मांस मिळालेल्या प्राकृत मादीच्या आतड्यात प्रोटिएजचे प्रमाण खूप वाढते. केवळ साखरेवर ठेवलेल्या मादीत ते कमी राहते. आणि मध्यवर्ती तंत्रिकास्रावी पेशी काढलेल्या मादीत, मांस देऊनही, ते कमीच राहते, असे त्यांना आढळले. या पेशींचा स्राव प्रथिनांच्या संश्लेषणाला चालना देतो, आणि पाचक विकर हीही प्रथिनेच असल्याने त्यांची निर्मितीही त्यावर अवलंबून असते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. याच सुमारास, १९६१ साली, डॅड यांनी टेनेब्रिओ या पिठात राहणाऱ्या भुंगेऱ्याच्या पाचक स्रावावरही रक्तवाही द्रव्याचे नियंत्रण असल्याचा पुरावा मांडला. याच डॅड यांनी १९५६ साली टेनेब्रिओ व पाण्यातील डायटिस्कस या भुंगेऱ्यांत अन्नग्रहण आणि प्रथिनपाचक विकरे यांचा संबंध तपासला होता.

येथे एक गोष्ट ध्यानात येईल. संशोधकांचे लक्ष प्रथम गेले ते प्रथिनपाचक विकरांकडे. त्याचे कारण उघड आहे. माशीला साखर दररोजच्या श्रमाला लागते, तर मांस अंडजननाला. आणि संप्रेरकांचा अभ्यास त्या वेळी अंडजननाच्या वाटेने पुढे चालला होता. शर्करापाचक विकरे ही जणू घरातील नेहमीची शिधासामग्री. तिच्याकडे कोणी विशेष पाहिले नाही.

४

थॉमसेन-म्यॉलर यांच्या निष्कर्षावर जो आक्षेप निघाला तो साधा, पण मर्मी लागणारा होता. मेंदूतील पेशी काढलेली माशी पूर्वीइतके खाते काय? स्ट्रँगवेज-डिक्सन यांनी १९६१ साली याच जातीच्या माशीवरील आपल्या निबंधांत अंडाशय, कॉर्पस अलाटम व मध्यवर्ती तंत्रिकास्रावी पेशी काढल्याने साखर व प्रथिने यांच्या निवडक सेवनावर काय परिणाम होतो याचा अभ्यास केला होता. म्हणजे ग्रंथी काढल्याने भुकेवरच परिणाम होतो ही शक्यता डोळ्यांसमोर होती. मग विकर कमी आढळले ते संप्रेरक नसल्यामुळे, की अन्न पोटात कमी गेल्यामुळे?

एंगेलमान यांनी १९६९ साली ल्युकोफिया या झुरळावरील आपल्या संशोधनात आतड्यातील प्रथिनपाचक विकरांचे संश्लेषण अन्नामुळे उद्दीपित होते ही बाजू मांडली. अशा रीतीने दोन पक्ष उभे राहिले. परंतु बारकाईने पाहता असे दिसून येते की, ग्रंथी काढून टाकण्याचा प्रयोग, तो कितीही कौशल्याने केलेला असला तरी, एकटा या वादाचा निकाल लावू शकत नाही. एकाच सुरीने दोन दोऱ्या कापल्या जातात. खाली पडलेले ओझे कोणत्या दोरीला टांगलेले होते हे त्यावरून सांगता येत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या कीटकाइतकेच मोजून अन्न दिलेले निरोगी कीटक शेजारी ठेवावे लागतात. काढलेली ग्रंथी पुन्हा रोपण करून परिणाम उलटतो की नाही हे पाहावे लागते. आणि सर्वांत उत्तम म्हणजे, आतडे शरीराबाहेर काढून, भुकेचा प्रश्नच निकालात काढून, त्यावर शुद्ध संप्रेरकाची क्रिया तपासावी लागते. यांपैकी शेवटची गोष्ट १९६० च्या सुमारास अशक्यच होती. कारण मेंदूतील स्रावापैकी एकाही पेप्टाइडाची रचना तोवर उलगडलेली नव्हती.

५

शर्करापाचक विकरांचा या वादात स्पष्ट प्रवेश झाला त्यात भारतीय संशोधनाचा वाटा आहे, ही गोष्ट आपल्याकडेही पुरेशी ज्ञात नाही. त्रिवेंद्रम येथील केरळ विद्यापीठात मुरलीधरन व प्रभू यांनी डिस्डर्कस सिंग्युलेटस या कीटकावर काम केले. कपाशीवरील लाल ढेकूण म्हणून विदर्भ-खानदेशातील शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे तो हाच. तो बोंडातील सरकीचा रस शोषतो आणि रुईवर डाग पडण्यास कारण होतो. या दोघांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मध्यवर्ती तंत्रिकास्रावी पेशींचा प्रोटिएज आणि इन्व्हर्टेज या दोन्ही विकरांच्या स्रावावरील प्रभाव वर्णिलेला आहे. प्रथिनपाचक व शर्करापाचक अशी दोन विकरे एकाच प्राण्यात, एकाच शस्त्रक्रियेनंतर, शेजारी शेजारी मोजणे, हे या निबंधाचे महत्त्व होय. अंडजननासाठी लागणाऱ्या प्रथिनांचा आणि दैनंदिन शक्तीसाठी लागणाऱ्या शर्करेचा हिशेब मेंदूतील त्याच पेशींच्या प्रभावाखाली येतो काय, हा प्रश्न त्यामुळे प्रत्यक्ष प्रयोगाच्या कक्षेत आला. १९८१ साली याच संशोधकांनी लाल ढेकूण आणि सागाची पाने खाणारी हिब्लिया अळी यांच्यातील अन्नग्रहण व पचन या दोहोंवरील संप्रेरकांचा प्रभाव एकत्र अभ्यासला. अन्नग्रहण आणि पचन यांची एकमेकांत गुंतलेली दोरी सोडवावयाची असेल तर दोन्हींकडे एकाच वेळी पाहिले पाहिजे, ही जाणीव त्यामागे दिसते.

लाल ढेकणाच्या बाबतीत पुढे आणखी एक गोष्ट उजेडात आली, आणि तिने ‘स्राव’ या शब्दाचाच फेरविचार करावयास लावले. ब्राझीलमध्ये सिल्व्हा व टेरा यांनी १९९४-९५ च्या सुमारास त्याच प्रजातीतील डिस्डर्कस पेरुव्हिआनस या ढेकणाच्या मध्यांत्राचा अभ्यास केला. ढेकूणवर्गीय कीटकांच्या मध्यांत्रातील पेशींच्या सूक्ष्म बोटांसारख्या उंचवट्यांवर एक अधिकचे स्निग्ध पटल पसरलेले असते. आल्फा-ग्लुकोसिडेज या पटलालाच चिकटलेले असते, असे त्यांना आढळले. म्हणजे या कीटकात शर्करापाचक विकर वाढले याचा अर्थ ते पोकळीत ओतले गेले असा होईलच असे नाही. पटलाची वाढ झाली असाही तो होऊ शकतो. दुसऱ्या जातीवरील हा निष्कर्ष पहिल्या जातीला तसाच्या तसा लावणे धाडसाचे ठरेल. परंतु एका आकड्यामागे किती निरनिराळ्या घटना दडलेल्या असू शकतात, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

६

प्रयोगाची मांडणी खऱ्या अर्थाने बदलली ती दोन शोधांमुळे. पहिला शोध सूक्ष्मदर्शकाखालचा. १९८१ साली जपानमध्ये निशिइत्सुत्सुजी-उवो व एंडो यांनी झुरळाच्या आणि पतंगवर्गीय कीटकांच्या मध्यांत्राच्या अस्तरात विखुरलेल्या अंतःस्रावी पेशींची सूक्ष्मरचना वर्णन केली. संप्रेरकांचे उगमस्थान केवळ डोक्यात नाही. आतडे स्वतःच एक अंतःस्रावी अवयव आहे, ही गोष्ट आता डोळ्यांनी पाहता आली. बेलिस-स्टार्लिंग यांना १९०२ साली जे कुत्र्यात दिसले होते, त्याचा दुवा कीटकांत सापडावयास सुमारे ऐंशी वर्षे जावी लागली.

दुसरा शोध रसायनशास्त्रातला. १९७५ साली प्रॉक्टोलिन आणि १९७६ साली टोळातील मेदगतिकारक संप्रेरक यांच्या रचना उलगडल्या आणि कीटकांच्या पेप्टाइड संप्रेरकांचे युग सुरू झाले. १९८६ साली होल्मन, कुक व नाख्मन यांनी ल्युकोफिया झुरळातून ल्युकोमायोसप्रेसिन वेगळे केले. स्नायूंचे आकुंचन थांबविणारे द्रव्य म्हणून त्याला हे नाव मिळाले. १९८९ साली डिप्लॉप्टेरा पंक्टाटा या झुरळातून ॲलॅटोस्टॅटिने मिळाली. कॉर्पोरा अलाटामधील किशोर-संप्रेरकाची निर्मिती रोखणारी म्हणून त्यांचे नाव तसे पडले. पुढे ही ॲलॅटोस्टॅटिने मध्यांत्रातील अंतःस्रावी पेशींतही आढळली. ज्यांची नावे स्नायूंवरून अथवा डोक्यातील ग्रंथींवरून पडली, त्यांचे आतड्यात काय काम?

याचे एक उत्तर फ्यूसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दिले. त्यांनी डिप्लॉप्टेराचे मध्यांत्र शरीराबाहेर काढले, दोन्ही टोके दोऱ्याने बांधली आणि ते या पेप्टाइडांच्या विद्रावात ठेवले. येथे डोके नाही, भूक नाही, नव्याने आत येणारे अन्न नाही आणि बाहेर वाहून जाणारे विकरही नाही. इन्व्हर्टेज व अमिलेज या दोन्ही शर्करापाचक विकरांची क्रियाशीलता आतड्याच्या पोकळीतील द्रवात वाढली. आतड्याच्या भिंतीत मात्र ती तशी वाढली नाही. पोकळी व भिंत यांचे मापन वेगवेगळे केल्यामुळे विहिरीचा झरा आणि उपसा यांचा हिशेब प्रथमच निरनिराळा मांडता आला. शिवाय हीच पेप्टाइडे आतड्याचे आकुंचनही मंद करतात. या दोन क्रिया परस्परपूरक आहेत : विकर पोकळीत यावे आणि त्याच वेळी अन्न पुढे ढकलले जाऊ नये, म्हणजे दोघांचा सहवास पुरेसा होतो. पुढे २००२ साली नारळावरील काळ्या डोक्याच्या ओपिसिना अळीवर, जी कोकणातील बागायतदारांनाही त्रास देते, पाचक विकरांच्या विमोचनाचे असेच बाह्यशरीर प्रयोग झाले. आणि २००५ साली हिल व ऑर्चर्ड यांनी टोळाच्या मध्यांत्रातील अमिलेज व आल्फा-ग्लुकोसिडेज यांवर मायोसप्रेसिनाची क्रिया तपासली.

मात्र मूळ वादावर प्रकाश पडला तो २००६ साली. जपानमधील साकाई, साताके व ताकेदा यांनी आपल्या घरांत आढळणाऱ्या पेरिप्लॅनेटा अमेरिकाना या झुरळावर काम केले. अन्नघटकांमुळे मध्यांत्रातील अमिलेज व प्रोटिएज यांची क्रियाशीलता वाढते, हे अन्नवाद्यांचे म्हणणे त्यांच्या प्रयोगात खरे ठरले; परंतु ही वाढ मध्यांत्राच्या अंतःस्रावी पेशींतील एका पेप्टाइडाच्या मार्फत होते, हेही त्यांनी दाखवून दिले. हे पेप्टाइड प्रथम कवचधारी प्राण्यांच्या हृदयावरील क्रियेमुळे ओळखले गेले होते. २०१२ साली मिकानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच झुरळात उपासमारीच्या काळी पचनक्रिया मंदावणारे दुसरे पेप्टाइड दाखविले. अन्न आणि संप्रेरक या दोन प्रतिस्पर्धी उपपत्ती नव्हत्याच. त्या एकाच साखळीच्या दोन कड्या होत्या. अन्न आतड्यातील पेशीला स्पर्श करते, ती पेशी संप्रेरक सोडते, आणि ते शेजारच्या पेशीकडून विकर सोडविते. थॉमसेन आणि एंगेलमान या दोघांनाही जे दिसले ते खरेच होते.

७

शर्करापाचक विकरांना या इतिहासात स्वतंत्र स्थान देण्याचे आणखी एक कारण आहे. त्यांच्या क्रियेचे अंतिम फल द्राक्षशर्करा. आणि ते फलच स्वतः एक संदेश बनते. जीवाणू व यीस्ट यांना द्राक्षशर्करा विपुल मिळाली म्हणजे इतर शर्करांचे विघटन करणारी विकरे ते निर्माण करीत नाहीत, हे पूर्वीपासून ठाऊक होते. १९८६ व १९८७ साली बेंकेल व हिकी यांनी ड्रोसोफिला या फळमाशीतही हेच दाखविले. द्राक्षशर्करायुक्त आहारावर वाढविलेल्या माशीत अमिलेजच्या जनुकाची अभिव्यक्ती दबते.

हा शोध वरकरणी संप्रेरकवाद्यांच्या विरुद्ध जाणारा होता. एकपेशीय जीवांत हे नियंत्रण पेशीच्या आतच घडते. माशीच्या आतड्यातील पेशीही तसेच करीत असेल तर रक्तातील दूताची गरजच काय? परंतु २०१४ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे चंग, लेमेत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दमनाचा मार्ग शोधला, तेव्हा तो मेदपिंडातून जाणारा निघाला. कीटकाचे मेदपिंड आपल्या यकृताचे व मेदऊतीचे काम एकत्र करते. पोषक शर्करा खाल्ल्यावर मेदपिंडातून ‘डॉडल’ नावाचे एक प्रथिन रक्तात सोडले जाते. ते मध्यांत्रापर्यंत पोहोचून तेथील संदेशमार्ग जागृत करते, आणि उपासाच्या काळी जोरात निर्माण होणाऱ्या पाचक विकरांच्या जनुकांना आवर घालते. ज्या घटनेकडे पेशीची अंतर्गत बाब म्हणून पाहिले जात होते, तिच्यात एका दूरस्थ अवयवाचा हात असल्याचे दिसून आले. मेंदू व आतडे यांच्या जोडीला शरीरातील साठ्याचे कोठारही पचनाच्या व्यवहारात आपले मत देते, असे म्हणावयास हरकत नाही.

८

शेवटी एक उदाहरण मधमाशीचे. कामकरी माशी आयुष्याच्या पूर्वार्धात पोळ्यातील पिल्लांची दाई असते व उत्तरार्धात मधुरस गोळा करण्यास बाहेर पडते. तिच्या डोक्यातील अधोग्रसनी ग्रंथी दाईपणाच्या काळात राजान्नातील प्रथिने निर्माण करतात. बाहेर पडू लागल्यावर त्याच ग्रंथी मुख्यतः आल्फा-ग्लुकोसिडेज निर्माण करू लागतात, आणि त्याच्या क्रियेने मधुरसातील इक्षुशर्करेचे द्राक्षशर्करा व फलशर्करा यांत रूपांतर होऊन मध तयार होतो. जपानमधील सासागावा, सासाकी व ओकादा यांनी १९८९ साली किशोर-संप्रेरकासारखी क्रिया करणाऱ्या मेथोप्रिन या द्रव्याचा या ग्रंथींवर व त्यांतील आल्फा-ग्लुकोसिडेजवर होणारा परिणाम अभ्यासला.

येथेही जुनीच अडचण नव्या वेषात उभी राहते. माशीचे वय आणि तिचे काम एकाच वेळी बदलते. मग विकर बदलते ते कशामुळे? २०१५ साली उएनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ सारख्या वयाच्या माश्यांची वसाहत तयार केली. अशा वसाहतीत वय तेच असूनही काही माश्या दाई होतात व काही बाहेर पडतात. विकराच्या जनुकाची अभिव्यक्ती वयाशी नव्हे, तर कामाशी निगडित आढळली. मेथोप्रिन दिल्यावर बाहेर पडणाऱ्या माशीची वैशिष्ट्यदर्शक जनुके, आणि त्यांतच आल्फा-ग्लुकोसिडेजचे जनुक, अधिक क्रियाशील झाली व दाईची जनुके दबली. एक्डायसोनाच्या सक्रिय रूपाने मात्र दोन्ही प्रकारची जनुके दबली. थॉमसेन यांच्या माशीच्या बाबतीत भूक व संप्रेरक यांची जी गाठ सोडविता आली नव्हती, तशीच वय व काम यांची गाठ येथे केवळ वसाहतीची रचना बदलून सुटली.

९

या इतिहासाचा समारोप करताना दोन गोष्टी नमूद कराव्याशा वाटतात. पहिली अशी की, येथे कोणाचेही निरीक्षण चुकीचे ठरले नाही. १९५९ चे मापन २००६ मध्येही खरेच राहिले. बदलला तो त्याचा अर्थ. निरीक्षण नीट केलेले असेल तर उपपत्ती बदलली तरी ते वाया जात नाही, आणि म्हणूनच जुने निबंध मुळातून वाचावे लागतात. नंतरच्या ग्रंथांतील त्यांचे एका ओळीचे सार पुरेसे नसते. त्या एका ओळीत प्रायः निष्कर्ष उतरतो. शेजारी ठेवलेले नियंत्रण-प्रयोग गळून पडतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ‘अन्न की संप्रेरक?’ हा प्रश्न जोवर तसाच विचारला गेला, तोवर प्रत्येक प्रयोगाने दोन्ही पक्षांना समाधान दिले आणि निकाल कोणालाच दिला नाही. ‘कोणत्या पेशीतून, कोणत्या टप्प्यावर, आणि भूक वजा जाता?’ असा तो विचारला गेला तेव्हा उत्तरे येऊ लागली. ज्या विद्यार्थ्याला उद्या एखाद्या कीटकाच्या मेंदूतील पुंजका काढून आतड्यातील विकर मोजावयाचे आहे, त्याने सुरी हातात घेण्यापूर्वी आपल्या कीटकाने किती खाल्ले हे मोजण्याची व्यवस्था अगोदर करावी. ही सूचना अगदी सामान्य वाटेल; परंतु या शाखेतील कित्येक वर्षांचे श्रम याच एका मापनावाचून अडून राहिले होते.